कोरांटीची वई

विदर्भात कुंपणाला वई म्हणतात. वावराच्या धुऱ्यावर बोरी-बाभळीच्या काट्या रचून जनावरांना जी आड घातली जाते ती वई, आणि घरामागे जिवंत झुडपांची जी दाट रांग लावली जाते तीही वईच. कोकणातही हा शब्द टिकून आहे. मधल्या महाराष्ट्रात कुंपण या शब्दानं त्याला मागे सारलं. नागपूर शहरात तर आता दोन्ही शब्द मागे पडले आणि सगळीकडे ‘वॉल कंपाउंड’ झालं. हा कंपाउंड शब्द इंग्रजांनी मलय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून घेतला असं बहुतेक कोशकार मानतात. कांपुंग म्हणजे वस्ती, वाडी. म्हणजे फिरून फिरून आपण वाडीशीच आलो, फक्त मधे एक समुद्र ओलांडून.

वई मात्र कुठे गेली नाही की कुठून आली नाही. संस्कृतातली ‘वृति’ तीच ही. वृ म्हणजे वेढणं, झाकणं. वृति म्हणजे वेढा. तृणाचं तण होताना ऋचा अ होतो, तसा तो इथे झाला. जातीची जाई होताना मधला त गळतो, तसा तो इथेही गळला. वृति, वइ, वई. इतक्या सरळ वाटेनं चालत आलेला शब्द क्वचित भेटतो, आणि तो भेटतो एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडी, ‘औंदा वई नीट केली पाहिजे’ अशा साध्या वाक्यात.

या शब्दाचा एक जुना मुक्काम मला फार प्रिय आहे. मेघदूताच्या उत्तरार्धात यक्ष मेघाला अलकेतल्या आपल्या घराच्या खुणा सांगतो. दारातला कोवळा मंदार, पाचूच्या पायऱ्यांची पुष्करिणी, सोनकेळींनी वेढलेला क्रीडाशैल, आणि तिथेच माधवीच्या वेलीचा मांडव. त्या मांडवाभोवती कुंपण आहे कुरबकाचं, आणि ते सांगताना कालिदासानं वृति हाच शब्द वापरला आहे. कुरबकाची वृति. आपल्या बोलीत आणायची तर कोरांटीची वई.

यक्ष हे सारं बोलतो आहे रामगिरीवरून. हा रामगिरी म्हणजे नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरवरचं रामटेक, हे मत नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. छत्तीसगढमधल्या सरगुजा भागातल्या रामगढचा दावाही जुना आहे. पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या पायाशी दिला गेल्याचा उल्लेख स्वतःच करतो आणि त्यानं पारडं रामटेककडे झुकतं. आज रामटेकला कालिदासाचं स्मारक आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. त्या डोंगरावर उभं राहिलं की यक्षानं मेघाला अर्घ्य कशाचं दिलं ते आठवतं: कुटजाच्या ताज्या फुलांचं. कुटज म्हणजे आपला कुडा. ‘कुट’ या शब्दाचा एक अर्थ डोंगर, म्हणून डोंगरावर जन्मणारा तो कुटज, अशी फोड जुने लोक करतात. ती खरी असो वा नसो, विदर्भातल्या कोरड्या टेकड्यांवर पावसाच्या तोंडाशी कुड्याची पांढरी फुलं आजही येतात. हाताशी असलेलं फूल रानातल्या कुड्याचं आणि आठवणीतलं कुंपण कुरबकाचं. दूर देशी अडकलेल्या माणसाला घर आठवतं तेव्हा परसाचं कुंपणसुद्धा आठवतं, हे कालिदासाला ठाऊक होतं.

आता प्रश्न असा की कुरबक म्हणजे खरोखर कोरांटीच का?

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात याचं उत्तर रंगांच्या वाटणीनं दिलं आहे. सगळ्या जातींचं सामाईक नाव सैरेयक किंवा झिंटी. तिच्यात तांबडा तो कुरबक, पिवळा तो कुरंटक, आणि निळी ती बाणा, दासी किंवा आर्तगल. पिवळ्याला आणखी एक नाव सहचरी. कोशकाराची ही पद्धत माळ्याची आहे: झाड एक, रंगानुसार हाक वेगळी. आज आपणही तेच करतो. पिवळी कोरांटी, पांढरी कोरांटी, निळी कोरांटी. वनस्पतिशास्त्र मात्र यांना एक झाड मानत नाही. काटेरी, पिवळ्या फुलांची ती बार्लेरिया प्रायोनायटिस. जांभळी, गुलाबी किंवा पांढरी फुलं देणारी, पानांच्या बगलेत काटे नसलेली ती बार्लेरिया क्रिस्टाटा. दोघी बहिणी, घराणं एकच. अडुळसा आणि अबोली हीसुद्धा त्याच घराण्यातली.

कुरबकाबद्दल कवींनी जे लिहून ठेवलं त्यानं गोंधळ वाढतो. कविसंकेत असा की अशोक फुलतो सुंदरीच्या पायाच्या स्पर्शानं, बकुळ फुलते तिनं मद्याची चूळ टाकली की, तिलक फुलतो तिनं पाहिलं की, आणि कुरबक फुलतो तिनं मिठी मारली की. आता पिवळी कोरांटी ज्यानं जवळून पाहिली आहे त्यानं विचार करावा. पानाच्या प्रत्येक बगलेत तीन-चार टोकांचा काटा, पानाच्या शेंड्यालाही काटा, फुलाखालच्या उपपर्णांना काटा. या झुडपाला मिठी मारायला कोणी सांगणार नाही. तेव्हा कवींचा कुरबक हा बिनकाट्याच्या बहिणीचाच एखादा गुलाबी प्रकार असावा, असं माझं मत आहे. दुसरी अडचण ऋतूची. अलकेतल्या स्त्रिया सहाही ऋतूंची फुलं एकाच वेळी लेतात असं मेघदूतात वर्णन आहे आणि मल्लिनाथानं टीकेत प्रत्येक फुलाचा ऋतू उलगडून दाखवला आहे. त्या हिशेबात कुरबकाच्या वाट्याला वसंत येतो. आपली कोरांटी पावसाळा सरता सरता फुलायला लागते आणि थंडीभर फुलते. होळीच्या सुमाराला तिची शेवटची फुलं असतात. वसंताशी तिची गाठ पडते ती अशी जाताजाता. रघुवंशाच्या नवव्या सर्गातही वसंताच्या वर्णनात कुरबक येतो, आणि तिथे कालिदास नावातल्या ‘रव’ या अक्षरांशी खेळतो. कु-रव म्हणजे ज्याचा रव वाईट. पण मध वाटण्यात तरबेज असलेली ही झाडं भुंग्यांच्या रवाला कारण झाली, असा तो शब्दखेळ. व्युत्पत्ती म्हणून तिला किंमत नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीनं या झाडावर मधमाश्यांची झुंबड पाहिली होती, एवढी साक्ष त्यातून नक्की मिळते. कोरांटीच्या नळीत मध असतो, हे ज्यानं फुलाचं देठाकडचं टोक चोखून पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

कुरबकाचं काहीही असो, कोरांटी हे नाव कुरंटकाचं, म्हणजे पिवळ्याचंच आहे. तिथे शंका नाही. कुरंटकातला शेवटचा क गळला, उरलं कुरंट. पुढे कण्टकाचा कांटा झाला त्याच चालीनं ‘रं’चा ‘रां’ झाला. कोरांटा आणि कोरांटी अशी दोन्ही रूपं मराठीत आहेत. लहानखोर, बायकांच्या वेणीत जाणारं फूल म्हणून ईकारान्त रूप जास्त रुळलं. एकच अक्षर मला अडवतं, पहिलं. कु चा को का झाला? तुंडाचं तोंड होतं, कुष्ठाचं कोड होतं, पण तिथे पुढे जोडाक्षर आहे. कुरंटकात कु नंतर साधा र आहे. नियमानं तिथे कु कुच राहायला हवा. इथे दक्षिणेकडे पाहावं लागतं. कन्नडमध्ये या झुडपाला गोरंटे म्हणतात. तेलुगूत मुळ्ळ गोरिंट, म्हणजे काटेरी गोरिंट. नुसत्या गोरिंटाचा अर्थ मेंदी. दोन्ही शेजाऱ्यांच्या शब्दात ओ आहे, आणि आपल्याही. संस्कृतात पाहावं तर कुरंट, कुरंटक, कुरुंटक, कुरंडक अशी रूपं इतकी सैल की शब्द बाहेरून आल्याचा संशय यावा. घरचा शब्द एवढी वेषांतरं करत नाही. मला वाटतं, नाव मुळात दख्खनच्या कोरड्या पठारावरचं, झाडासारखंच. संस्कृतानं ते इथून उचललं आणि आपण मराठीत ते संस्कृताकडून परत घेतलं असं म्हणण्यापेक्षा, आपल्याकडे ते होतंच, असं म्हणणं मला जास्त पटतं. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ साली आला. त्यानंतर झाडापेडांच्या नावांचा असा सलग मागोवा मराठीत फारसा कोणी घेतलेला नाही, आणि दक्षिणी भाषांशी ताडून तर नाहीच. ते काम व्हायला हवं.

उत्तरेकडे हेच झुडूप वेगळ्या नावांनी गेलं. हिंदीतली कटसरैया म्हणजे काटेरी सैरेयक. गुजरातीतला कांटाशेरियो तोच. बंगालीतली झाँटी ही झिंटीची लेक. एका अमरकोशातली नावं निरनिराळ्या प्रांतांनी वाटून घेतली.

अबोलीची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती याच घराण्यातली आणि तिचं नाव आपल्याला फसवतं. अबोली म्हणजे न बोलणारी, जिला वास नाही म्हणून मुकी, असं आपण शाळेपासून ऐकतो. अर्थ गोड आहे. पण कन्नडमध्ये याच फुलाला अब्बलिगे म्हणतात, आणि तिथे न बोलण्याचा काही संबंध नाही. परका शब्द आपल्या कानाला ओळखीचा वाटेल असा वळवून घेण्याची ही लोकांची रीत आहे. तीतून मराठीला काही फार सुंदर शब्द मिळाले आहेत.

कोरांटीचं सगळ्यांत गाजलेलं नाव वज्रदंती. पानं, मूळ, साल दातांसाठी वापरण्याचा रिवाज जुना. हिरड्या सुजल्या की पानं चावायची, मुळाचा काढा करून चुळा भरायच्या. दात वज्रासारखे करणारी ती वज्रदंती. हिमालयात हेच नाव पोटेंटिला या अगदी वेगळ्या वनस्पतीला आहे, कारण तिचंही काम तेच. नाव कामाचं आहे, झाडाचं नाही. हे नाव घराघरांत नेलं ते केशव विष्णू पेंढरकर यांनी. ते नागपूर सोडून मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको सुरू केली. ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ची ही आद्याक्षरं. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या पिढीला वज्रदंती शब्द तोंडपाठ आहे. त्या पिढीतल्या किती जणांना वज्रदंती हे आपल्याच कुंपणातलं झुडूप आहे हे माहीत आहे, याची मला शंका आहे. नाव डबीवर चढलं आणि झाडावरून उतरलं.

आयुर्वेदानं याला दिलेलं नाव सहचर. अष्टांगहृदयात सहचराचं तेल वातविकारांसाठी सांगितलं आहे आणि सहचरादि तैल आजही बनतं, पायांच्या दुखण्यावर चोळलं जातं. केरळात मात्र सहचर म्हणून कारवीच्या जवळची एक वेगळी वनस्पती वापरतात. सोबत चालणारा तो सहचर. पायांच्या दुखण्यावरच्या औषधाला हे नाव मिळालं, याहून समर्पक काय असेल! आणि अमरकोशात कुरबक-कुरंटकांच्या माथ्यावर आणखी दोन नावं दिली आहेत: अम्लान, जो कोमेजत नाही तो, आणि महासहा, जी फार सोसते ती. टीकाकार या दोन नावांची ओळख वेगवेगळ्या झाडांशी पटवतात, महासहा तर माषपर्णीलाही म्हणतात. पण नागपूरच्या उन्हात ज्यानं कोरांटी पाहिली आहे तो हे नाव दुसऱ्या कोणाला द्यायला तयार होणार नाही. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

पाश्चात्त्यांच्या कागदावर ही आली सतराव्या शतकात. डच अधिकारी व्हान रेडे याच्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८ ते १६९३) नवव्या खंडात ती ‘कोलेट्टा-वीट्ला’ या मलबारी नावानं आहे. १७५३ साली लिनियसनं तिला बार्लेरिया प्रायोनायटिस केलं. बार्लेरिया हे नाव जाक बारेलिए या फ्रेंच धर्मगुरू वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ. तो १६७३ मध्येच वारला होता आणि त्यानं हे झाड आयुष्यात पाहिलं असण्याचं कारण नाही. प्रायोनायटिसमध्ये ग्रीक ‘प्रिओन’ आहे, म्हणजे करवत. इंग्रज तिला साळिंदराचं फूल म्हणतात. काटा सगळ्यांना आधी दिसला. फुलावरून नाव ठेवणारे आपणच, आणि अमरकोशकार.

आता बागेकडे. नागपूर हे बागांच्या नावांचं शहर आहे: महाराजबाग, तुळशीबाग, रेशीमबाग, रामबाग. बाग हा फारसी शब्द भोसल्यांच्या काळापासून इथल्या वस्त्यांना चिकटला आहे. त्याआधीचा आपला शब्द वाडी, संस्कृत वाटिका. तीही अमरावती रस्त्यावर गावाचं नाव होऊन बसली आहे. पण आजच्या बागांना शोभा म्हणून आपण जे लावतो त्यातलं बरंचसं परमुलखाचं. कुंपणाला दुरांता, ती अमेरिकेची. फाटकावर बोगनवेल, ती ब्राझीलची आणि नाव फ्रेंच दर्यावर्द्याचं. मला त्यांच्याशी वैर नाही. बोगनवेलीइतकं ऊन सोसून फुलणारं थोडंच काही आहे. पण दुरांत्याची कातरलेली हिरवी भिंत उन्हाळाभर पाणी पीत राहते, आणि नागपूर ते पाणी पेंच आणि कन्हानवरून आणतं. पिण्याचं पाणी शोभेच्या भिंतीला घालण्याची गरज नसते, कारण तेच काम करणारं गावरानी झुडूप आपल्याकडे आहे. गावरानी हा विदर्भाचा लाडका शब्द. गाव आणि रान यांची ही जोड, आणि रान म्हणजे अरण्यच. जे गावात रुळलं पण ज्यानं रान सोडलं नाही ते गावरान. आंबा गावरानी, कोंबडी गावरानी, तशी कोरांटी गावरानी.

लावायची रीत सोपी आहे. पहिला पाऊस चांगला मुरला की जुन्या झुडपाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापाव्यात, वीतभर लांबीच्या, खालचा छेद तिरका. या कापलेल्या काडीला आपण कलम म्हणतो. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात लेखणीचा, बोरूचा. बोरूही असाच तिरका छाटतात. लिहायचं साधन, कायद्याचा परिच्छेद आणि झाडाची काडी यांना एकच शब्द पुरवणारी मराठी मला फार काटकसरी वाटते. खालची पानं काढून दोन पेरं मातीत जातील अशी काडी रोवावी. पावसाळी हवेत ती सहज फुटते. वई करायची असेल तर एक ते दीड फुटावर एक, आणि दाट हवी तर दोन ओळी, एकीच्या फटीत दुसरीचं रोप.

नागपूरची जमीन काळी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते ते कोरांटी सोसते. पावसाळ्यात पाणी धरून बसते ते मात्र तिला चालत नाही, मुळं कुजतात. म्हणून खड्ड्यात निम्मा मुरूम घालावा आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवावं. शेणखत मूठभर पुरे. फार खत दिलं तर पानं माजतात आणि फुलं कमी येतात. ऊन भरपूर हवं. अर्ध्या सावलीतही वाढते, पण विरळ होते.

पहिल्या उन्हाळ्यात तिला पाणी लागतं. मूळ खोल जायला एक वर्ष जातं. तेव्हा रोपाभोवती आळं करावं आणि आठवड्यातून एकदा ते भरावं. आळं हा शब्द संस्कृत आलवालाचा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमातल्या मुली घडे घेऊन हीच आळी भरताना दिसतात, शकुंतला त्यानं दमलेली असते, आणि दुष्यंत झाडाआडून ते पाहत असतो. दुसऱ्या वर्षापासून आळं मोडलं तरी चालतं. मे महिन्यात नवतपा सुरू झाला की कोरांटी बरीचशी पानं टाकते, खालच्या काड्या राखाडी, वाळक्या दिसू लागतात. त्या दिवसांत घाबरून पाण्याचा पाइप लावू नये आणि झुडूप मेलं म्हणून उपटू तर मुळीच नये. नखानं साल खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं की ते जिवंत आहे. मृगाचा पाऊस पडला की पेरापेरातून ते फुटतं.

गणपती-नवरात्राच्या सुमाराला कळ्या दिसू लागतात. एखाद्या सकाळी झुडपाशी बसून एक फूल नीट पाहावं. शेंड्याकडची पानं बारीक होत होत काटेरी कणसासारखी झालेली असतात आणि त्या काट्यांच्या मधून फुलाची पिवळी नळी बाहेर येते. तिच्या टोकाला पाच पाकळ्या. चार वर एकत्र, एक खाली वेगळी. दोन पुंकेसर पाकळ्यांच्या बाहेर लांब आलेले, आणि मध प्यायला आलेल्या शिंजीराच्या कपाळाला तेच आधी लागतात. फूल एका दिवसाचं. पण दुसऱ्या दिवशी शेजारची कळी तयार असते, म्हणून झुडूप कधी रितं दिसत नाही. कदाचित अम्लान म्हणणाऱ्याला हेच म्हणायचं असेल. पुढे चोचीसारख्या टोकाचं बोंड येतं, त्यात चपट्या, रेशमी लवेच्या दोन बिया. बोंड वाळून तडकतं तेव्हा बी लांब उडते. म्हणून वईच्या आसपास दरवर्षी नवी रोपं सापडतात. ती उचलून मित्रांना द्यावीत. पॅन्सी जातीची फुलपाखरं या घराण्यातल्या झाडांवर अंडी घालतात, तेव्हा पानं थोडी खाल्लेली दिसली तर फवारणी करू नये.

छाटणी बहर सरला की, फाल्गुनात. जाड हातमोजे घालून झुडूप कमरेएवढं खाली आणावं. न छाटलेलं दीड मीटरपर्यंत जातं आणि खालून उघडं पडतं. काट्यांमुळे गुरं आणि कुत्री वईतून घुसत नाहीत. लहान मुलं खेळतात त्या बाजूला मात्र कोरांटी लावू नये; तिथे बिनकाट्याची जांभळी बहीण लावावी, जी कवींच्या कुरबकाला अधिक जवळची आहे, किंवा मग अडुळसा. अडुळसा म्हणजे आटरूषक, तोही उन्हाला खंबीर, आणि शेळीही त्याला तोंड लावत नाही.

एक सावधगिरी. हेच झुडूप ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात शोभेसाठी गेलं आणि तिथे उपद्रवी तण ठरलं. जे इथे गावरान ते तिथे विलायती. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथल्या कृषी खात्याला विचारल्याशिवाय बी नेऊ नये.

शेजारच्या तेलंगणानं २०१४ मध्ये राज्य झाल्यावर तंगेडु हे राज्यफूल ठरवलं. तंगेडु म्हणजे आपला तरवड, असाच माळरानाचा, असाच पिवळा, असाच बिनपाण्याचा. बतुकम्माच्या सणात त्याच्या फुलांशिवाय भागत नाही. आपलं राज्यफूल ताम्हण सुंदर आहे, पण ते ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड. कोरड्या विदर्भ-मराठवाड्याच्या झुडपांना शासकीय मान मिळायला वेळ लागेल. तोवर त्यांची नावं टिकवण्याचं काम घरोघरच्या बागांवरच आहे, कारण ज्या झाडाला रोज कोणी हाक मारत नाही त्याचं नाव दोन पिढ्यांत जातं.

म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या पावसाळ्यात रोपवाटिकेत गेलात तर ‘पिवळी फुलं येणारं ते काटेरी झाड’ असं न म्हणता कोरांटी म्हणून मागा. तिथे नसेल तर गावाकडच्या देवळामागे किंवा एखाद्या जुन्या घराच्या परसात शोधा, आणि मालकाला विचारून चार काड्या आणा. आणताना तिथल्या म्हाताऱ्या माणसांना हे झाड ते काय म्हणतात ते जरूर विचारा, कारण भंडारा, चंद्रपूर, मेळघाटाकडे याची आणखी नावं असणार. ती गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट लिहून ठेवा आणि एखाद्या मराठी नियतकालिकाकडे पाठवा. काड्या आषाढ संपायच्या आत लावा.